स्वादुपिंडातल्या पेशी काम बदलतात तेव्हा

मैत्रिणींनो, स्वादुपिंडाचं नाव आपण साखरेच्या आजारापुरतंच ऐकतो. पण त्यातल्या बहुतेक पेशी पाचकरस बनवतात. पित्ताशयातल्या खड्यानं किंवा दारूनं त्याला सूज आली, की तोच रस आतल्या आत जाळू लागतो. मग या पेशी रस करणं थांबवतात आणि शेजारच्या नळीच्या पेशींसारख्या होतात. आग लागली की आपण आधी सरपण बाहेर काढतो ना, तसंच! सूज उतरली की बऱ्याचशा आपल्या कामावर परततात. पण सूज वारंवार आली आणि पेशीतलं केरास नावाचं जनुक बिघडलेलं असलं, तर त्या अडकतात. तिथून कर्करोग सुरू होऊ शकतो. म्हणून आम्ही सांगतो, वरच्या पोटातून पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या असतील, तर ‘पित्त झालं’ म्हणून ओवा चावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि घरात कुणी दारू पीत असेल तर डॉक्टरांपासून ते लपवू नका.