सरकारी औषधोपचार आणि शेतकऱ्यांचा कौल

सर्व प्रजेच्या औषधपाण्याचा खर्च सरकारनें उचलावा काय, या प्रश्नावर जेथें जेथें चर्चा होते तेथें दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, आजार कोणास केव्हां गांठील याचा नेम नाहीं, म्हणून त्याचा भार सर्वांनीं मिळून वाहावा. दुसरा म्हणतो, फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाहीं, आणि कराचें ओझें मात्र कायमचें मानेवर बसतें. कॅनडा देशांतील सस्कॅचेवान नांवाच्या गव्हाच्या प्रांतांत या वादाचा निकाल कसा लागला, हें आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे. कारण तेथें पहिलें पाऊल टाकिलें तें शेतकऱ्यांनींच.

त्या प्रांतांत वस्ती विरळ व थंडी जबर; डॉक्टर खेड्यांत टिकत नसे. १९१५ च्या सुमारास सार्निया येथील ग्रामीण मंडळानें आपला डॉक्टर निघून जाऊं नये म्हणून त्यास मंडळाच्या तिजोरींतून १५०० डॉलर देऊं केले. १९१६ सालीं अशा खर्चास प्रांतिक कायद्याची मान्यता मिळाली, आणि जमिनीवरील करांतून डॉक्टर ठेवण्याची चाल पुष्कळ मंडळांत पडली. कर कोणीही हंसत देत नाहीं, हें आम्हीं महसुली नोकरींत जन्मभर पाहिलें आहे. परंतु ज्या पैशाचा उपयोग डोळ्यांसमोर दिसतो तो देतांना कुरकूर कमी होते, हेंही तितकेंच खरें.

१९४४ सालीं टॉमी डग्लस तेथील मुख्य प्रधान झाले. लहानपणीं त्यांच्या पायाचें हाड नासलें असतां एका शस्त्रवैद्यानें फी न घेतां तो पाय वाचविला होता. १९४६ सालीं स्विफ्ट करंट विभागांत सर्वांस डॉक्टर व इस्पितळ खुलें झालें, आणि १९४७ पासून प्रांतभर इस्पितळाची सोय झाली. वर्गणी दरसाल माणशी ५ डॉलर, व कुटुंबास फार तर ३०.

डॉक्टरांची फीही सरकारनें द्यावी असें ठरतांच मात्र वणवा पेटला. ता. १ जुलै १९६२ रोजीं योजना सुरू झाली, आणि त्याच दिवशीं बहुतेक डॉक्टरांनीं दवाखाने बंद केले. आपण सरकारचे चाकर होऊं, ही त्यांची भीति. डॉक्टरांच्या बाजूनें लोकांच्या समित्या निघाल्या. उलट कित्येकांनीं सहकारी तत्त्वावर स्वतःचे दवाखाने काढिले. अखेर विलायतेहून आलेल्या लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीनें २३ दिवसांनीं तडजोड झाली: डॉक्टर स्वतंत्र राहील, फी सरकार देईल.

आतां लोकमताचा फेरा पाहा. त्याच सालीं जून महिन्यांत डग्लस रेजायना शहरांत देशाच्या निवडणुकींत पडले. १९६४ सालीं त्यांच्या पक्षाची प्रांतांतील सत्ताही गेली. परंतु विरोधकांनीं योजना मोडिली नाहीं; तोंवर घरोघर तिचा अनुभव आला होता. १९६८ सालीं त्यांनीं दर भेटीस अल्पशी फी बसविली, ती १९७१ सालीं उठली. १९७२ पर्यंत सर्व प्रांतांनीं ही योजना उचलली, आणि २००४ सालीं दूरचित्रवाणीनें घेतलेल्या मतदानांत लोकांनीं डग्लस यांस सर्वश्रेष्ठ कॅनेडियन ठरविलें. शस्त्रक्रियेसाठीं महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, ही तक्रार मात्र तेथें आजही आहे.

तात्पर्य, लोकमत व्याख्यानांनीं बनत नाहीं, अनुभवानें बनतें. आजारापायीं गहाण पडलेल्या जमिनी आपल्याकडेही थोड्या नाहींत. म्हणून सरकारी योजनेस होय वा नाहीं म्हणण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी विचाराव्या: पैसा कोणाचा, हिशेब कोण तपासतो, आणि रात्रीं अपरात्रीं हांक मारली असतां डॉक्टर गांवांत सांपडतो कीं नाहीं.