चिखलाला चावणारं टायर

डिसेंबर महिना. बेल्जियममधलं नामूर शहर. म्यूज आणि सांब्र या दोन नद्या जिथे मिळतात, तिथे टेकडीवर एक जुना किल्ला आहे आणि त्याच्या उतारांवर सायकलींची शर्यत रंगली आहे. पाऊस नुकताच पडून गेलाय. स्पर्धक इतके माखलेत की कोणाची जर्सी कुठल्या रंगाची, तेही कळत नाही. आता त्यांच्या सायकलींकडे नीट बघा बरं. एवढा चिखल, पण एकाही सायकलला मडगार्ड नाही!

असं का? काळ्या मातीच्या गावात राहणाऱ्या मुलांना हे सांगावं लागणार नाही. पावसाळ्यात शेतातल्या वाटेवर सायकल घातली की जरा पुढे जाताच टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल ठासून बसतो. चाक जाम! मग खाली उतरा, काडी शोधा आणि टोकरत बसा. मडगार्ड चिखल अडवतं हे खरं, पण अडवलेला चिखल जाणार कुठे?

या शर्यतीचं नाव सायक्लोक्रॉस. फ्रान्समध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 साली झाली, पण आज तिचं खरं वेड आहे ते बेल्जियममध्ये. गवत, चिखल, वाळू, पायऱ्या, वाटेत आडव्या लावलेल्या फळ्या असा अडीच ते साडेतीन किलोमीटरचा फेरा असतो आणि साधारण तासभर तो पुन्हा पुन्हा मारायचा असतो. चिखलाच्या दिवशी इथे टिकायचं, तर टायरला दोन गोष्टी यायला हव्यात: चिखल धरणं आणि धरलेला चिखल लगेच सोडणं. मला या खेळातलं सगळ्यात सुंदर कोडं हेच वाटतं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत.

आधी धरण्याचं बघू. चिखलाचा वरचा थर मऊ आणि निसरडा असतो, पण त्याखाली बऱ्याचदा घट्ट जमीन असते. टायरवरची रबरी बटणं उंच असली, तर ती वरच्या थरातून आत घुसून खालची जमीन पकडतात. गुळगुळीत टायर मात्र वरच्या वर घसरतं. मग खूप बटणं लावली, अगदी दाटीवाटीने, तर पकड आणखी वाढेल ना? नाही! दाट बटणांच्या फटींत चिखल अडकून राहतो, आणि सगळ्या फटी भरल्या की टायर पुन्हा गुळगुळीत. तेही चिखलाचंच! ट्रॅक्टरचं मागचं टायर आठवा. जाडजूड तिरक्या पट्ट्या आणि त्यांच्या मधे भरपूर मोकळी जागा. चिखलासाठीचं सायक्लोक्रॉसचं टायरही तसंच असतं: बटणं उंच, पण विरळ.

त्या मोकळ्या जागेतला चिखल बाहेर कोण फेकतं? चाकाचं फिरणंच. टायरला चिकटलेल्या गोळ्याला सरळ जायचं असतं, टायर मात्र त्याला गोल फिरवत असतं. जोवर चिकटपणा पुरतो, तोवर गोळा टायरसोबत फिरतो. तो कमी पडला की गोळा सुटतो आणि थेट मागच्याच्या तोंडावर! वेग दुप्पट झाला, तर गोळ्याला धरून ठेवायला चौपट जोर लागतो. म्हणूनच वेगात असताना टायर आपोआप साफ होतं आणि चढावर, सायकल रांगायला लागली की भरून येतं.

आता एक गंमत. पातळ, रबरबीत चिखल बघून आपल्याला वाटतं, बाप रे, हा भयंकर! पण स्पर्धकांना त्याहून धास्ती असते अर्धवट वाळलेल्या, घट्ट चिखलाची. पातळ चिखलात पाणी इतकं असतं की तो ओघळून जातो. घट्ट चिखल मात्र चिकटून राहतो, कारण चिकण मातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतात आणि त्यांच्यामधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांशी आणि टायरशीही जोडून ठेवतं.

वाळूत तर सगळंच उलटं. बेल्जियमच्या किनाऱ्यावर कोक्सेइडे गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर ही शर्यत होते. तिथे अनेक जण जवळजवळ सपाट, बारीक खरखरीत नक्षीचं टायर लावतात. मोकळी वाळू बटणांनी पकडता येत नाही, बटणं ती नुसती उकरतात. तिथे वर तरंगत जाणंच बरं.

मग टायर चांगलं रुंद घेतलं तर? मोठ्या स्पर्धांत ती सोय नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमानुसार टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि त्याला खिळे लावायलाही बंदी आहे. म्हणून सगळी करामत उरते हवेत.

सायकलच्या दुकानात विचारतात ना, किती पौंड हवा भरू? त्याचा अर्थ, टायरमधली हवा प्रत्येक चौरस इंचावर किती पौंड जोर लावते. समजा, मागच्या चाकावर 45 किलो, म्हणजे जवळजवळ 100 पौंड भार आहे. टायरमध्ये 100 पौंड हवा असेल, तर तो भार पेलायला जमिनीला टेकलेला एक चौरस इंच पुरतो. हवा 20 पौंडांवर आणली, तर पाच चौरस इंच लागतात. म्हणून टायर आपोआप चपटं होतं, जास्त बटणं जमिनीला टेकतात, आणि टायर वाटेतल्या मुळांवरून, दगडांवरून उसळण्याऐवजी त्यांना कवेत घेत जातं. चिखलात हे स्पर्धक खरोखरच 20 पौंडांच्या आसपास हवा ठेवतात, हलका स्वार त्याहूनही कमी!

पण हवा फारच कमी केली, तर दगडावर आदळताच टायर पूर्ण दबतं आणि रिम दगडावर आपटते. साध्या टायरमधली ट्यूब त्या दोघांच्या मधे चिमटते आणि पंक्चर होते. यावर जुना उपाय म्हणजे ट्यूब आत ठेवून शिवलेलं सुती कापडाचं टायर, रिमवर गोंदाने चिकटवलेलं. त्यात ट्यूब चिमटण्याची भीती बरीच कमी. मात्र चिकटवणारा हात कसबी हवा, नाहीतर वळणावर टायरच रिमवरून निसटायचं.

बाकीच्या सायकलचीही रचना चिखलाला वाट मोकळी ठेवण्यासाठीच असते. टायर आणि फ्रेममध्ये भरपूर फट. पुढे एकच दातेरी चक्र, म्हणजे चिखल अडकायला एक कोपरा कमी. पूर्वी ब्रेक रिमवर, टायरला लागूनच असायचे आणि चिखलाने भरून जायचे. 2010 साली डिस्क ब्रेकला परवानगी मिळाली आणि ब्रेक चाकाच्या मध्यावर गेले, चिखलापासून लांब. बुटांच्या टोकाला मात्र खिळे लावता येतात, कारण चढ फार निसरडा झाला की स्वार सरळ उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि पळत सुटतो. आपल्याला वाटेल हार मानली. अजिबात नाही! तिथे पळणंच जास्त वेगवान असतं, आणि केव्हा उतरायचं ते नेमकं कळणं हे मोठं कसब आहे.

इतकं करूनही चिखल चढतोच आणि सायकल जड होत जाते. म्हणून प्रत्येकाकडे निदान दोन सायकली. वाटेत एक ठरलेली जागा असते, एका फेरीत दोनदा लागणारी, तिला पिट म्हणतात. स्वार तिथे माखलेली सायकल सोडतो आणि धुतलेली उचलून पुढे पळतो. मेकॅनिक जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पहिली धुतो, चेनला तेल देतो आणि तयार राहतो. चिखल फार असला, तर दर अर्ध्या फेरीला ही अदलाबदल चालते. 2013 ची जागतिक स्पर्धा अमेरिकेत लुईव्हिलला होती. ओहायो नदीचं पाणी चढत होतं, म्हणून रविवारच्या शर्यतीही शनिवारीच उरकाव्या लागल्या. त्या चिखलात बेल्जियमचा स्वेन नीस जिंकला, वयाच्या 36 व्या वर्षी.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. चौकटीचा मोठा कागद सपाट फरशीवर ठेवा, चौकट एक सेंटिमीटरची हवी. सायकलचं मागचं टायर ओलं करा. ताई किंवा दादाला सीटवर बसवा, कोणीतरी सायकल घट्ट धरा आणि टायर अलगद कागदावर टेकवा. उमटलेल्या ठशाच्या कडेने रेघ मारून आतल्या चौकटी मोजा. पुढच्या चाकाचंही तसंच करा. दोन्हींची बेरीज करून तिला साडेसहाने भागा, म्हणजे चौरस इंच मिळतील. दोन्ही टायरमध्ये सारखीच हवा असेल, तर ती जितके पौंड असेल तितक्याने गुणा. जे उत्तर येईल ते सायकल आणि ताईचं मिळून वजन, पौंडात. किलो हवे असतील तर 2.2 ने भागा. वजनकाट्याशी ते तंतोतंत जुळणार नाही, कारण थोडा भार टायरचं जाड रबर स्वतःच पेलतं. मग थोडी हवा सोडा आणि पुन्हा ठसा घ्या.