परसातील फळझाडे : आधी माती पाहावी, मग रोप आणावे



मृगाचा पाऊस पडला की परसात एखादे फळझाड लावावे, असे अनेक कुटुंबांना वाटते. रोपे उत्साहाने आणली जातात. परंतु त्यांतील बरीचशी दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. दोष उन्हाला दिला जातो. आमच्या मते तो बहुधा माती न पाहता केलेल्या निवडीचा असतो.

बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. तेथील तांबड्या, मुरमाड जमिनीतून पाणी झटकन खाली उतरते. बहमनी राजवटीत नौबाद येथे खोदलेली करेज, म्हणजे भूमिगत जलवाहिनी, याच झिरपलेल्या पाण्यावर आधारलेली होती. कलबुर्गीच्या बाजूस मात्र काळी माती लागते. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते.

मुरमाड परसासाठी आमची पहिली पसंती सीताफळास आहे. ‘बाळानगर’ हा वाण आपल्या हवेस मानवतो. या झाडाची पाने कोरड्या दिवसांत गळतात. ते वाळले असे समजून उपटून टाकल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसल्यास झाड जिवंत आहे. उन्हाळ्यात आलेली फुले कोरड्या हवेमुळे गळतात, त्याचीही चिंता नको. पाऊस पडून हवेत ओलावा आला की फळे धरू लागतात. फळांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास प्रथम मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याला झाडावर पसरविण्यास त्याच मदत करतात.

काळ्या मातीत जांभूळ चांगले येते, पण त्यास जागा फार लागते. पेरू किंवा लिंबू लावावयाचे असल्यास उंचवटा करून लावावे. लिंबाच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. खोडावर डिंक्या रोग येतो. आळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली करावे.

खड्डा उन्हाळ्यातच 2 फूट लांब, रुंद व खोल खणून तापू द्यावा. नंतर माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावा. शेणखत कच्चे असल्यास वाळवी लागते. पहिली दोन वर्षे पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा आडोसा करावा. आपल्याकडे तुराट्यांना तोटा नाही! बुंध्याभोवती पाचोळा पसरावा, मात्र तो खोडास टेकू नये. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर मुरेल असे द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळेही वरच राहतात.

एक चूक आमच्याच हातून घडली. मंदिराच्या परसात लावलेले आंब्याचे कलम जोमाने वाढले म्हणून आम्ही समाधानी होतो. काही वर्षांनी फळे आली ती आंबट, तंतुमय. कलमाच्या जोडाखालून फुटलेला गावठी कोंब आम्ही वाढू दिला होता आणि वरचा चांगला भाग केव्हाच मेला होता. तेव्हापासून आमचे सेवेकरी दर पंधरा दिवसांनी जोडाखालची फूट काढून टाकतात. नवीन कलम लावताना जोड जमिनीच्या वर वीतभर तरी राहील, एवढे पाहावे.

<div></div>