गोठ्यातील गोचीड हलक्यात घेऊ नका

माणसांच्या डॉक्टरने गुरांच्या दुखण्यावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. कर्ज काढून घेतलेली संकरित गाय आजारी पडली की सारे घर आजारी पडते. झोप येत नाही, जेवण जात नाही, रक्तदाब वाढला, अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या काहींच्या दुखण्याचे मूळ गोठ्यात असते. शिवाय ज्या जीवाविषयी आज लिहायचे आहे, तो गोठ्यापुरता थांबत नाही.

हा जीव म्हणजे गोचीड. गोचीड जनावराचे रक्त पितो, हे आपण रोज पाहतो. पण रक्त पिता पिता तो आपल्या लाळेतून रोगाचे सूक्ष्म जंतू जनावराच्या शरीरात सोडतो, ही गोष्ट शास्त्राला पटायला बराच काळ लागला.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या आधी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, टेक्सासकडील गुरांचे कळप उत्तरेत नेले की वाटेवरची उत्तरेकडील गुरे तापाने मरत. आश्चर्य म्हणजे टेक्सासची गुरे मात्र धडधाकट असत. गुराखी म्हणत, हे काम गोचिडांचे. त्यांचे बोलणे फारसे कुणी मनावर घेईना. थिओबाल्ड स्मिथ, किलबोर्न आणि कर्टिस या संशोधकांनी १८८९ पासून वॉशिंग्टनजवळ साधे पण बिनतोड प्रयोग केले. एका कुरणात दक्षिणेची गुरे गोचिडांसकट ठेवली. तेथील उत्तरेच्या गाई आजारी पडल्या. दुसऱ्या कुरणात दक्षिणेच्या गुरांचे गोचीड हाताने वेचून काढले. तेथील गाई ठणठणीत राहिल्या. तिसऱ्या कुरणात दक्षिणेचे एकही जनावर न ठेवता नुसते गोचीड सोडले. तेथे पुन्हा ताप आला. १८९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. म्हणजे मलेरियाचे कोडे सुटण्याआधी गोचिडाचे कोडे सुटले होते!

त्या अमेरिकी तापाचा जंतू म्हणजे बबेसिया. तो रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, म्हणून जनावराची लघवी कॉफीसारखी लाल होते. तो आपल्याकडेही आहे. पण आपल्या संकरित गाईंना अधिक छळतो तो त्याचा भाऊबंद, थायलेरिया. येथेही टेक्सासचीच कथा आहे. गावठी गाय किंवा म्हैस पुष्कळदा हा जंतू अंगात बाळगून धडधाकट दिसते. जर्सी किंवा होल्स्टिन रक्ताची गाय मात्र कोसळते. थायलेरियाची करणी विलक्षण आहे. तो पांढऱ्या पेशीत शिरतो आणि कर्करोगात वाढतात तशा त्या पेशी बेबंद वाढवत नेतो. औषधाने जंतू मेला की ही वाढ थांबते. त्यामुळे कर्करोगाचे संशोधकही या जंतूचा अभ्यास करतात. घोडा आणि कुत्रा यांनाही याच कुळातील जंतूंचे आजार होतात.

गाईला १०४ अंशांच्या वर ताप, खांद्यापुढील गाठ सुजलेली, चारा सुटलेला, दूध एकदम उतरलेले, धाप आणि डोळ्यांच्या आतील कडा फिकट, अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. कानाच्या शिरेतील रक्ताची काचपट्टी किंवा सुजलेल्या गाठीतील नमुना तपासून निदान होते. थायलेरियावर बुपार्वाक्वोन हे औषध चांगले लागू पडते, पण ते लवकर द्यावे लागते. नुसत्या ताप उतरवणाऱ्या इंजेक्शनांत दोन-तीन दिवस घालवले तर गाय हातची जाते. या रोगाची लसही आपल्या देशात तयार झाली आहे. संकरित वासरांसाठी तिची चौकशी अवश्य करावी.

आता माणसांचे. थायलेरियाचा हा जंतू माणसाला होत नाही. पण तो वाहणाऱ्या हायलोमा जातीच्या गोचिडातून कांगो ताप या विषाणूजन्य रोगाचीही लागण होऊ शकते. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये या तापाची साथ आली. मृतांत रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. हा विषाणू असलेले जनावर आजारी दिसत नाही. म्हणून गोचीड नखाने किंवा दगडाने फोडण्याची आपली सवय आजपासून सोडावी.

काय करावे?

१. रोज हातमोजे घालून कान, कास, मांड्यांचा आतला भाग आणि शेपटीचे मूळ तपासा. थायलेरियाचा जंतू गोचिडाच्या लाळेत तयार व्हायला तो चिकटल्यानंतर साधारण दोन-तीन दिवस लागतात. रोज तपासणारा मालक रोगाच्या आधी पोचतो.

२. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. नंतर साबणाने हात धुवा.

३. भिंतींच्या भेगा बुजवा. मादी जनावरावर नव्हे, खाली पडून भेगांत हजारो अंडी घालते. नुसती गाय फवारून गोठा तसाच ठेवला तर महिनाभरात ‘ये रे माझ्या मागल्या’.

४. औषध आणि त्याचे प्रमाण पशुवैद्यकांना विचारून फवारा. फवारताना नाक-तोंड झाका, वाऱ्याच्या दिशेला पाठ करा, मुलांना दूर ठेवा. उरलेले औषध स्वयंपाकघरात ठेवू नका.

५. नवे जनावर आणले तर गोचीड काढल्याशिवाय कळपात सोडू नका.

६. गुरांत काम करणाऱ्याला अचानक जोराचा ताप, अंगदुखी किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर ‘आमच्या गुरांना गोचीड आहेत’ हे डॉक्टरांना आधी सांगा. आम्ही विचारायचे विसरलो तरी तुम्ही सांगायला विसरू नका.

चिमटा, हातमोजे आणि भेगा लिंपायला पाटीभर सिमेंट, एवढाच हा खर्च. गाईचा भाव काय आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.