घरगुती बनावटीचा सौर जलतापक : रचना आणि सुधारणा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अनेक ग्रामीण घरांत स्नानाचे पाणी आजही चुलीवर किंवा बंबात तापविले जाते. सरपण गोळा करणे, ते फोडणे आणि पहाटे धुरात बसून जाळ घालणे हा भार प्रामुख्याने घरातील स्त्रियांवर पडतो. वस्तुतः स्नानासाठी ४० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी पुरेसे असते. एवढे तापमान सूर्यप्रकाशातून सहज मिळू शकते. त्यासाठी लागणारा सपाट संग्राहक गावातील वेल्डर व सुतार यांच्या साहाय्याने तयार करता येतो. मात्र असे अनेक प्रयत्न पहिल्या हिवाळ्यातच सोडून दिले जातात. त्यामागील कारणे व त्यांवरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१७६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ होरास द सोस्यूर यांनी काचेने झाकलेल्या पेटीत सूर्याची उष्णता साठविण्याचे प्रयोग केले. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी सौर जलतापकाचे एकस्व घेतले. त्यात पाण्याची टाकीच उन्हात असल्याने रात्री पाणी थंड होई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी संग्राहक व टाकी वेगळी करून टाकीस उष्णतारोधक आवरण दिले. या साधनातील मोठी सुधारणा उष्णता अधिक मिळविण्याची नव्हे, तर मिळालेली उष्णता टिकविण्याची होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

रचना व कार्यपद्धती :
संग्राहकात वर काच, तिच्याखाली सुमारे २५ मिलिमीटर हवेची पोकळी, नंतर काळा रंग दिलेला धातूचा पत्रा व त्यास जोडलेल्या उभ्या नळ्या आणि तळाशी सुमारे ५० मिलिमीटर जाडीचे ग्लासवूल असते. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत वर चढते व टाकीच्या तळाचे थंड पाणी संग्राहकात उतरते. या नैसर्गिक अभिसरणामुळे पंपाची आवश्यकता राहत नाही. संग्राहकाचे तोंड दक्षिणेकडे असावे. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश असल्याने हिवाळ्यातील वापरासाठी तेथे संग्राहकाचा कल ३० अंशांच्या आसपास ठेवणे हितावह ठरते.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापविण्यास ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते. निरभ्र दिवशी संग्राहकाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ५ युनिट ऊर्जा पडते असे मानल्यास, २ चौरस मीटरच्या संग्राहकाची कार्यक्षमता ४० टक्के असली तरी ही गरज भागते.

उणिवा व सुधारणा :
(१) नळी व पत्रा यांचा जोड : ही घरगुती संग्राहकातील सर्वांत सामान्य उणीव होय. नळी पत्र्यावर केवळ तारेने बांधल्यास मध्ये हवेचा थर राहतो व पत्रा तापूनही पाणी कोमट राहते. नळीसाठी पत्र्यास खोबण पाडून ती घट्ट बसवावी. तांब्याच्या पत्र्यावर तांब्याची नळी असल्यास सलग डाख द्यावा.

(२) उष्णतारोधन : पाणी न वाहता संग्राहक उन्हात राहिल्यास पत्र्याचे तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकते. अशा तापमानास थर्माकोल टिकत नाही. म्हणून पत्र्यामागे तो वापरू नये. ग्लासवूल ओले झाल्यास निरुपयोगी ठरते. त्यामुळे पेटीच्या सांध्यांतून पावसाचे पाणी आत शिरणार नाही याची दक्षता घ्यावी.

(३) टाकीची उंची : टाकीचा तळ संग्राहकाच्या माथ्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच असावा. अन्यथा रात्री अभिसरण उलट होऊन पाणी पुन्हा थंड होते. नळ्यांना सलग चढ असावा. मध्ये उंचवटा राहिल्यास तेथे हवा अडकून अभिसरण थांबते.

(४) काच : दुसरी काच बसविण्याचा मोह टाळावा. प्रत्येक काच सुमारे ८ टक्के प्रकाश केवळ परावर्तनाने दवडते. दख्खनच्या सौम्य हिवाळ्यात एक स्वच्छ काच पुरेशी होते.

(५) क्षार व सुरक्षितता : बोअरच्या जड पाण्यामुळे नळ्यांत क्षारांचा थर साचतो. त्यामुळे नळ्या उघडून साफ करता येतील अशी सोय ठेवावी. टाकीस वरून उघडी हवानळी असावी. तापणारे पाणी बंदिस्त ठेवणे धोक्याचे असते.

मापनाचे महत्त्व :
सुधारणेपूर्वी साधा तापमापक घेऊन सकाळी, सूर्यास्ताच्या वेळी व दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीतील पाणी ढवळून तापमान नोंदवावे. दिवसभरातील वाढ अपुरी असल्यास दोष संग्राहकात किंवा अभिसरणात असतो. वाढ समाधानकारक असून पहाटे पाणी निवत असल्यास दोष टाकीच्या आवरणात किंवा उंचीत असतो. एका वेळी एकच बदल करून पुन्हा नोंद घ्यावी, म्हणजे खर्च योग्य ठिकाणी होतो.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरगुती सौर जलतापक अयशस्वी ठरतो तो ऊन अपुरे पडल्याने नव्हे, तर मिळालेली उष्णता वाटेत गमावल्याने. ही गळती शोधण्यासाठी महागड्या साहित्यापेक्षा एक तापमापक व आठवडाभराच्या नोंदी अधिक उपयुक्त ठरतात. ढगाळ दिवसांसाठी बंब राखून ठेवावा लागेलच. तथापि निरभ्र हिवाळ्यात तो बहुतेक दिवस न पेटविता दिवस सुरू होणे, हे या साध्या साधनाचे खरे यश होय.