लाल डोळा आणि उरलेली बाटली



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण नेहमी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या वेळी डोळ्याविषयी लिहीत आहे. विषय माझ्या खात्याचा नाही. पण चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. फडावर तोड चालू होती. मुकादम गट ऑफिसला आला आणि म्हणाला, "साहेब, गड्याच्या डोळ्यात पात लागलीया. लाल झालाय. थेंब असले तर द्या." वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली माझ्या पिशवीत होती. डोळ्याचेच औषध आहे, अपाय काय होणार, असे म्हणून मी ती देऊन टाकली. दोन दिवस गड्याला बरे वाटले. चौथ्या-पाचव्या दिवशी ठणका सुरू झाला आणि काळ्या बुबुळावर पांढुरका डाग दिसू लागला. तेव्हा त्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी डाग अलगद खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी होती. मग त्यांनी बाटली मागितली, लेबल वाचले आणि विचारले, "ही कोणी दिली?" मी म्हणालो, "मीच." त्यात स्टिरॉइड होते. पात लागून झालेल्या जखमेत बुरशी शिरली असताना स्टिरॉइड घालणे म्हणजे राखणदाराला झोपवून रान डुकरांना मोकळे करून देणे होय. लाली कमी होते, दुखणे कमी होते, माणूस निर्धास्त होतो आणि आत बुरशी पसरत जाते. पुढे कित्येक आठवडे नॅटामायसिनचे थेंब घालावे लागले. डोळा काढावा लागला नाही, एवढेच नशीब. मधोमध फूल पडले ते पडलेच. त्या डोळ्याने आता उजेड आणि हाताची हालचाल तेवढी कळते.

तेच औषध, दुसरा डोळा

त्या डॉक्टरांची काही वर्षे चंद्रपूर-गडचिरोलीकडे नोकरी झालेली होती. मी खाली मान घालून बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले की औषधाला दोष देऊ नका. त्या जंगलपट्टीत याच थेंबांनी त्यांनी डोळे वाचवलेले होते. तिकडचा लाल डोळा वेगळा असे, कुष्ठरोगातला. तो ओळखायला उशीर झाला तर माणूस आंधळा होतो, आणि ओळखला तर स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे अॅट्रोपिन यांनीच तो वाचतो.

हे ऐकताना मला सोमनाथ आठवले. कृषी पदविका झाल्यावर मूल तालुक्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो. बाबा आमटे यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. त्याच महारोगी सेवा समितीचा सोमनाथ हा भातशेतीचा प्रकल्प. १९६७ पासून तिथे या छावण्या भरू लागल्या. तिथे एक म्हातारे बाबा चहा पिताना ग्लासवरची नजर हलवत नसत. पेल्यात एवढे काय पाहतात, म्हणून मी विचारले. त्यांनी समजावून सांगितले की बोटांना गरम-गार कळत नाही, पकड सैल झाली तरी कळत नाही. म्हणून ग्लास डोळ्यांनी धरायचा. चुलीजवळ, विळ्याजवळ, काट्याकुट्यात सगळीकडे तसेच.

कुष्ठरोगातल्या डोळ्याचे मोल इथे कळते. आपला डोळा गेला तर हात चाचपून वाट काढतात. ज्याच्या हातापायांची जाणीव गेली आहे, त्याला तोही आधार उरत नाही. हात भाजला तरी कळत नाही आणि दिसतही नाही.

रोग डोळ्यात कसा शिरतो

नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागात वाढतो. कान, नाक, हातपायाची टोके आणि डोळ्याचा पुढचा भाग हे ते भाग. डोळ्याकडे तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट चेहऱ्याच्या नसेची. ती नस दुखावली की पापणी पूर्ण मिटत नाही. झोपेतही डोळा उघडा राहतो, कोरडा पडतो, धूळ बसते. दुसरी वाट डोळ्याच्या संवेदनेची नस. ती गेली की कचरा गेलेला कळत नाही आणि माणूस पापणी मिटत नाही. तिसरी वाट आतल्या सुजेची. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो, त्याला सूज येते. डॉक्टर तिला आयरायटिस म्हणतात. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराला येणाऱ्या सर्वच सुजांना मिळून युव्हायटिस हे नाव आहे. एरवी हा आजार क्वचित दिसतो, म्हणून तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

कुष्ठरोगात ही सूज दोन तऱ्हेने येते. एक एकदम पेटणारी. अंगावर दुखऱ्या गाठी, ताप आणि सोबत डोळा लाल, असा प्रकार. याला रिअॅक्शन म्हणतात. जंतू मेलेले असले तरी त्यांच्या अवशेषांविरुद्ध शरीर खवळते. दुसरी मुकी. ना लाली, ना ठणका. वर्षानुवर्षे बाहुली आक्रसत जाते आणि शेवटी टाचणीच्या टोकाएवढी उरते. रोग्याला वाटते, वयामुळे दिसत नाही.

निदान कसे होते

डोळे आले असतील तर चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, पण नजर बहुधा शाबूत असते. आयरायटिसमध्ये घाण येत नाही. लाली काळ्या बुबुळाभोवती कड्यासारखी असते, उजेड सोसवत नाही, नजर धूसर होते आणि बाहुली बारीक असते, कधी वेडीवाकडी. काचबिंदूचा झटका आला असेल तर डोके फुटेल असे दुखते, ओकारी होते, आणि बाहुली मोठी होऊन उजेडालाही हलत नाही. अशा डोळ्यात अॅट्रोपिन घातले तर घात होतो. पात लागलेल्या डोळ्यात बुबुळावर ओरखडा किंवा डाग असतो. नारिंगी-पिवळे रंगद्रव्य टाकून निळ्या उजेडात पाहिले की जखम हिरवी चमकते.

पुढचे काम स्लिट लॅम्प या यंत्राचे. त्यात उजेडाची बारीक फट डोळ्यात सोडतात. आत सूज असेल तर उन्हाच्या कवडशात धूळ तरंगावी तशा पेशी तरंगताना दिसतात. रंगीत पडद्यावर खसखशीसारखे पांढरे दाणे दिसले, तर ती कुष्ठरोगाचीच खूण समजतात. कापसाच्या वातीने बुबुळाला हलका स्पर्श करून संवेदनाही तपासतात.

आणि डॉक्टर प्रश्न विचारतात. अंगावर बधिर चट्टा आहे का? क्षयरोग झाला होता का? कंबर सकाळी आखडते का? मागे मोठा ताप येऊन गेला का? हा शेवटचा प्रश्न भात आणि ऊस पिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि ताप उतरल्यावर काही महिन्यांनीसुद्धा डोळ्याला आतून सूज येऊ शकते. तामिळनाडूत १९९३ च्या पुरानंतर असे रुग्ण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात एकामागून एक आले, तेव्हा हा संबंध नीट उजेडात आला.

उपचार आणि अंतर

आयरायटिसचा उपचार महाग नाही, पण वेळेचा आहे. अॅट्रोपिनने बाहुली मोठी ठेवतात, म्हणजे पडदा मागच्या भिंगाला चिकटत नाही. एकदा चिकटला की सुटणे कठीण. स्टिरॉइडच्या थेंबांनी सूज उतरवतात. रिअॅक्शन मोठी असेल तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही देतात. थेंब कधी कमी करायचे ते डॉक्टर ठरवतात, कारण जास्त दिवस घातले तर डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होतो.

मूळ रोगावर रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही बहुविध औषधोपचार पद्धती १९८० च्या दशकात आली. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. देशपातळीवर प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकाच्या खाली गेले. तरी महाराष्ट्रात नवे रुग्ण जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आजही आहेत. आणि गोळ्या संपल्या म्हणजे डोळ्याची काळजी संपली, असे नाही. रिअॅक्शन पुढे काही वर्षांनीही येऊ शकते.

अडचण अंतराची आहे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो. जवळच हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा केला, म्हणून तिथल्या माडिया माणसाला दवाखाना तरी मिळाला. पण आतल्या पाड्यावर डोळा पहिल्यांदा पाहते ती आशाताई नाहीतर आरोग्यसेवक. त्यांच्याजवळ स्लिट लॅम्प नसतो, बॅटरी असते. बाहुली बारीक आहे, पापणी मिटत नाही, नजर कमी झाली, एवढे त्यांनी ओळखले आणि माणसाला वेळेत पुढे धाडले, की निम्मे काम झाले.

आपल्याकडे रस्ते आहेत, दवाखाने आहेत. तरी मी बाटली दिली.

आपल्या गटासाठी

१. डोळ्यात पात, कुसळ किंवा पाचटाचा कचरा गेला तर स्वच्छ पाण्याने धुवावे, चोळू नये. लाली, दुखणे किंवा धूसरपणा राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

२. उरलेली बाटली दुसऱ्याला देऊ नये. दुकानातून नुसते "लाल डोळ्याचे थेंब द्या" म्हणून आणू नयेत.

३. लाल डोळ्याबरोबर नजर कमी होणे, उजेड न सोसणे, ओकारी किंवा बुबुळावर डाग, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये.

४. कोप्यांवर कोणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल, पापणी मिटत नसेल, तर त्याला टोळीतून काढू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. औषध सुरू झाले की लवकरच त्याच्यापासून लागण होण्याचा धोका राहत नाही. काढून टाकण्याच्या भीतीनेच माणूस चट्टा लपवतो आणि पुढे डोळा गमावतो.

५. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाने रोज आरशात डोळे पाहावेत आणि नजर ठराविक काळाने तपासून घ्यावी.

माझ्या गटातल्या प्रथमोपचार पेटीत आता थेंबांची बाटली नाही. स्वच्छ पाणी आहे, आणि झाकणाच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन नंबर चिकटवलेला आहे.

तो गडी गेल्या हंगामातही आला होता. पूर्वी तो ऊस तोडायचा आणि बायको मोळ्या बांधायची. आता कोयता बायकोच्या हाती आहे, आणि मोळ्या तो बांधतो. मला पाहिले की आजही "रामराम साहेब" म्हणतो.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी