उतेऱ्याचे पीक आणि कृषीचे पदव्युत्तर शिक्षण

अन्न, शाश्वत शेती आणि ग्रामीण समाज यांचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यास ही कल्पना अलीकडे युरोपातील विद्यापीठांच्या माहितीपत्रकांतून भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत असली, तरी असा अभ्यास का लागतो हे पाहण्यासाठी छत्तीसगडमधील कुम्हारीच्या आसपासचे शिवार पुरेसे आहे. रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान, मुंबई–हावडा लोहमार्गावर असलेल्या या नगरपालिकेच्या गावाच्या आवाक्यात रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय (स्थापना 1987) आहे, तर दुर्ग जिल्ह्यातच अंजोरा येथे पशुवैद्यकाचे आणि सांकरा येथे फलोत्पादन व वनशास्त्राचे विद्यापीठ आहे. म्हणजे शिक्षणाची वानवा नाही. अडचण आहे ती विषयांच्या वाटणीत.

कृषीची पदव्युत्तर पदवी साधारणपणे दोन वर्षांची असते आणि विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच एक विभाग निवडावा लागतो: पिकांच्या लागवडीचे शास्त्र म्हणजे कृषिविद्या, किंवा वनस्पतिप्रजनन, मृदाशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, अथवा संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे शास्त्र म्हणजे विस्तारशिक्षण. या वाटणीमुळे प्रत्येक विषय खोलवर शिकता येतो हे खरे. परंतु या भागातील एक साधे कडधान्य घेतले, तर ते यांपैकी कोणत्याही एका विभागात मावत नाही.

ते कडधान्य म्हणजे तिवरा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत त्यालाच लाख किंवा लाखोळी म्हणतात. धान कापणीला दोन-तीन आठवडे राहिले असताना, बांधीतील चिखल अजून ओला असतानाच उभ्या धानात तिवऱ्याचे बी फोकून दिले जाते. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. धान कापले जाईपर्यंत रोपे वर आलेली असतात आणि उरलेल्या ओलाव्यावर हिवाळ्यात पीक तयार होते. या पद्धतीला उतेरा म्हणतात. हलक्या, मुरमाड भाटा जमिनीत ती साधत नाही, पण ओल धरून ठेवणाऱ्या डोरसा आणि काळ्या कन्हार जमिनींत उत्तम साधते. शिवाय तिवऱ्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत स्थिर करतात. कमी खर्चात दुसरे पीक आणि जमिनीला खत असा हा व्यवहार असल्यामुळे शाश्वत शेतीच्या कोणत्याही व्याख्येत तो सहज बसतो.

तरीही उतेरा मागे पडत गेला, आणि त्याची कारणे बियाण्यात नाहीत. धान निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची प्रथा गावोगावी आहे. एकट्याने तिवरा पेरला तर तो गावच्या गुरांच्या तोंडी जातो, म्हणून या पिकाला सर्वात आधी लागते ती गुरे बांधून ठेवण्याची गावाची सहमती. छत्तीसगडमध्ये अशा बंदोबस्ताची रोका-छेका नावाची जुनी रीत आहे आणि 2020 मध्ये राज्य सरकारने तिलाच मोहिमेचे रूप दिले. दुसरे कारण यंत्राचे: कापणीयंत्राच्या चाकांखाली कोवळी रोपे चिरडतात. तिसरे बाजाराचे: 2023-24 च्या खरीप हंगामात राज्याने एकरी 21 क्विंटलपर्यंत धान क्विंटलमागे 3100 रुपयांनी खरेदी केले, तर किमान आधारभूत किंमत जाहीर होणाऱ्या पिकांच्या यादीत तिवरा नाहीच. ज्याच्या हाती अधियाने, म्हणजे निम्म्या वाट्याने, घेतलेली जमीन आहे, त्या कुळाने अशा स्थितीत जमिनीच्या पुढल्या दहा वर्षांचा विचार करावा ही अपेक्षाच अवाजवी ठरते. शहरालगत, जिथे शेताचा उद्या भूखंड होण्याची शक्यता असते, तिथे तर अधिकच.

आणि मग अन्नाचा प्रश्न येतो. तिवऱ्याच्या दाण्यात ओडॅप नावाचे मज्जासंस्थेला घातक द्रव्य असते. महिनोन्‌महिने मुख्यतः हेच धान्य खाल्ले तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. या आजारामुळे 1961 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आली. मात्र मध्य भारतात, विशेषतः रेवा भागात, आजाराचा फटका बसला तो ज्यांना मजुरीच या धान्यात मिळत असे अशा वेठबिगार मजुरांना. जे घरी भातासोबत वरण म्हणून ते खात, त्यांची गोष्ट वेगळी होती. दाणे भिजवून, उकळून पाणी टाकून दिले की हे द्रव्य बरेच कमी होते. दोष दाण्याचा किती आणि मजुरीच्या पद्धतीचा किती, हा प्रश्न रसायनशास्त्राचा विद्यार्थी एकटा सोडवू शकत नाही, आणि समाजशास्त्राचाही नाही. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले आणि महाराष्ट्राने 2008 मध्ये ती उठवली. दरम्यान रायपूरच्या प्रजननशास्त्रज्ञांनी प्रतीक आणि महातिवरा हे कमी ओडॅपचे वाण तयार केले. हे काम निःसंशय मोलाचे आहे. पण ते वाण शेतात टिकतील की नाही, हे गुराखी, कापणीयंत्राचा मालक आणि धानखरेदी केंद्र ठरवणार.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठात ग्रामीण समाजशास्त्राचा स्वतंत्र गट शेतीच्या शास्त्रज्ञांच्या शेजारीच काम करतो. आपल्याकडे मात्र तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ग्रामविकास शिकणारा आणि राहुरीला किंवा अकोल्याला कृषिविद्या शिकणारा विद्यार्थी एकाच शेताच्या बांधावर क्वचितच भेटतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थी खेड्यात राहतो खरा, पण पदव्युत्तर प्रबंधाची वेळ आली की तो बहुधा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील आखीव वाफ्यांत परततो.

वस्तुतः रायपूरचीच परंपरा याहून वेगळी आहे. डॉ. राधेलाल रिछारिया यांनी 1970 च्या दशकात भाताचे हजारो स्थानिक वाण गोळा केले तेव्हा दाण्यासोबत त्याचे गावातले नाव आणि शेतकऱ्याने सांगितलेले गुणही नोंदवले. या संग्रहाबाबत विद्यापीठ 2002 मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार करू पाहत असताना राज्यभर विरोध झाला आणि बोलणी थांबली, कारण वाण शेतकऱ्यांचे असल्याची लोकांची धारणा होती. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी, जेमतेम तिसरीपर्यंत शिकून, स्वतःच्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडत एचएमटी हे धान विकसित केले. श्रेयाचा आणि मोबदल्याचा त्यांचा प्रश्न 2018 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत समाधानकारकरीत्या सुटला नाही. एचएमटीचे दाणे आज बीजशास्त्राच्या प्रबंधांत मोजले जातात; त्याच्या मालकीचा प्रश्न कोणत्या विभागात अभ्यासावा, हे प्रवेशपत्रिकेवर अद्याप छापलेले नाही.